खोडरबर ते रिकव्हरी की : नवी मुंबईच्या सपोर्टवाल्यांची पंचवीस वर्षं

26 एप्रिल 1999, सोमवार. ऑफिसं उघडली आणि कितीतरी ठिकाणी काँप्युटरचं बटण दाबलं तरी पडदा काळाच राहिला. सीआयएच नावाच्या व्हायरसचा तो दिवस. चेर्नोबिलच्या दुर्घटनेचीही तारीख हीच, म्हणून त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. विंडोज 95 आणि 98 च्या मशीनमध्ये तो आधीपासून दबा धरून बसलेला असे. त्या तारखेला तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकी आणि काही मदरबोर्डांवर बायोसच्या चिपमधला मजकूरही उडवी. चिपच कोरी झाली की मशीन जागंच होत नाही. तिथे फॉरमॅट मारायलाही वाव नसतो.

यावर धंद्यातल्या जाणत्यांकडे एक धाडसी तोडगा होता. त्याच मॉडेलचा धडधाकट बोर्ड घ्यायचा, फ्लॉपीवरून डॉस सुरू करायचं, मशीन चालू असतानाच त्याची बायोस चिप अलगद उपसायची, त्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यात बायोस नव्याने लिहायचा. हे जमायचं, कारण मशीन सुरू होताना बायोसची नक्कल रॅममध्ये येते आणि पुढे चिपवाचून काम चालतं. एवढं ठाऊक असलेला माणूस हे काम शांतपणे करी. नुसती कृती ऐकून आलेला माणूस चिप उलटी बसवी आणि चांगला बोर्डही घालवून बसे.

गेल्या पंचवीस वर्षांकडे वळून पाहताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. तोडगा झपाट्याने पसरतो आणि त्यामागचं कारण मागे राहतं. यंत्रं बदलली, विंडोज बदललं, तरी ज्यांनी कारण धरून ठेवलं ते या धंद्यात टिकले.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. लोकल खाडी ओलांडून वाशीला आली ती 1992 मध्ये. मग वाशी स्टेशनच्या डोक्यावरचं इन्फोटेक पार्क, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, पुढे ऐरोलीच्या काचेच्या इमारती असं एकेक उभं राहत गेलं. या इमारतींमधल्या सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. त्यांचं मशीन बंद पडल्यावर धावत येणाऱ्या माणसाबद्दल जवळजवळ कोणीच लिहिलं नाही. हार्डवेअरचा कोर्स केलेली, पनवेल-उरणपासून डोंबिवली-कळव्यापर्यंतची ही मुलंमुली. पाठीवर सॅक, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर, क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर, एक स्टँडबाय एसएमपीएस, सीडींचं पाकीट आणि शाळेतलं पांढरं खोडरबर.

खोडरबर हे या विद्येतलं पहिलं अक्षर. "डिस्प्ले येत नाहीये रे," असा फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "रॅमला रबर मारलास का?" रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात रबराने घासायचे, पुन्हा बसवायची, आणि बहुतेक वेळा मशीन उठायचं. खाडीकाठची दमट हवा, एसी संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू, त्यामुळे धातूच्या संपर्कावर थर धरतो आणि जोड ढिला पडतो. पण रबराला मिळालेलं निम्मं श्रेय तरी रबराचं नव्हे. पट्टी काढून पुन्हा बसवताना खाचेतल्या टोकांवर जी घासणी होते, तीच पुष्कळदा पुरेशी असते. शिवाय त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दर पावसाळ्यात रबर मारत राहिलं तर तोच उडतो आणि खालचा धातू उघडा पडून दुखणं कायमचं होतं. म्हणून जाणते लोक आधी नुसती पट्टी काढून बसवत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत आणि रबर शेवटी काढत. ज्यांनी फक्त 'रबर मार' एवढंच ऐकलं, त्यांच्या हातून चांगल्या पट्ट्या झिजल्या.

तुर्भे-वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले कॉल वेगळेच असत. मसाला मार्केटच्या गाळ्यातला सीपीयू उघडायचा तर आधी नाकाला रुमाल बांधायचा. मिरचीची आणि हळदीची पूड प्रोसेसरच्या पंख्याखाली गादीसारखी साचलेली. मशीन दुपारी आपोआप बंद पडतं ही तक्रार. कारण उष्णता बाहेर पडत नाही. इथली टिप साधी आणि मोलाची होती. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलट वीजही तयार करते. व्यापाऱ्याला सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. अर्धे कॉल एवढ्यानेच कमी होत.

विजेचं दुखणं मात्र सगळ्यांत फसवं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून ग्राहक मशीन बदलून मागे. दोष बहुधा अर्थिंगचा असे. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह कॅबिनेटकडे जातोच. अर्थिंग नसलं की तो प्रवाह हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावायचा, दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा गेला तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. सतत हँग होणारी मशीनं नवं विंडोज टाकून नव्हे, तर अर्थिंगचा खड्डा नीट करून बरी झालेली मी पाहिली आहेत.

नेटवर्कच्या केबलला टोक बसवण्याचा क्रम तर सगळ्यांना पाठ. व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्लू, व्हाइट ब्लू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन. याच्या जोडीने एक चुकीची टिपही वर्षानुवर्षं फिरली: "रंग कसेही लाव, दोन्हीकडे सारखे ठेव, चालतं." दोन-तीन मीटरच्या केबलला खरंच चालतं, म्हणून या सल्ल्यावर विश्वास बसला. पण केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, आणि त्या पिळामुळेच बाहेरचा व शेजारच्या जोडीचा गोंगाट मरतो. तीन आणि सहा क्रमांकाच्या पिना एका जोडीच्या हव्यात. म्हणूनच हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना जाते. मनाला येईल तसे रंग लावले की एकाच सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत जातात. मग मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर लिंक लाइट लागतो, पिंग होतं, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं रखडतं. अशा केबली शोधताना लोकांनी स्विच बदलले, नेटवर्क कार्डं बदलली. कोणी सुरुवातीलाच पिळाचं कारण सांगितलं असतं तर तो सगळा खर्च वाचला असता.

2003 चा ऑगस्ट. ब्लास्टर नावाचा व्हायरस आला. विंडोज एक्सपी आणि 2000 ची मशीनं इंटरनेटला जोडली की एक्सपीवर चौकट उघडायची, साठ सेकंदांची उलटी गणती, आणि मशीन रीस्टार्ट. पुन्हा जोडा, पुन्हा तेच. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरे, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 16 जुलैलाच दिला होता. व्हायरस सुटला 11 ऑगस्टला. पण डायल-अपवर तो पॅच उतरवायला साठ सेकंद कुठे पुरणार? त्या आठवड्यात फोनवरून एकच वाक्य सगळीकडे फिरत होतं: "रनमध्ये जा, शटडाऊन टाइप करा, स्पेस द्या, डॅश, ए, एंटर." गणती थांबायची. मग एक्सपीची फायरवॉल चालू करायची, कारण त्या वेळी ती मुळात बंदच येत असे, आणि मगच पॅच उतरवायचा. हा क्रम महत्त्वाचा होता. गणती थांबली म्हणजे काम झालं असं समजून ज्यांनी फोन ठेवला, त्यांना संध्याकाळी त्याच ग्राहकाचा पुन्हा फोन आला.

त्याच सुमारास मदरबोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगू लागले. सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेला माल जगभर गेला होता. टोपी सपाट असायला हवी, ती फुगलेली दिसली की निदान पक्कं. लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा आणि 105 अंशांचा कॅपॅसिटर आणून झाळला की बोर्ड वाचायचा. पुढे पेन ड्राइव्हचं पर्व आलं. सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, आणि ग्राहक रडकुंडीला की डेटा गेला. डेटा तिथेच लपवलेला असे. अ‍ॅट्रिब कमांडने तो परत दिसायचा.

व्हायरसच्या या धंद्यातून मराठी माणसाची एक मोठी कंपनीही उभी राहिली. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर यांच्याकडे व्हायरसने मेलेली मशीनं येऊ लागली. धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि 1995 मध्ये क्विक हील बाजारात आलं. दुरुस्तीच्या टेबलावरचा तोडगा नीट लिहून काढला तर तो कुठवर जातो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

याच काळातली एक सवय मात्र मला आजही खटकते. 'फॉरमॅट मारून टाक.' कॉल लवकर क्लोज व्हायचा, एएमसीवाला साहेब खूश. पण त्यात दुकानदाराची टॅलीची वर्षं जायची, कोणाचे लग्नाचे फोटो जायचे. टकटक आवाज करणारी हार्ड डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, ही टिपही तितकीच घातक. इथल्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, आणि डेटा परत मिळवण्याची उरलेली शक्यताही जाते.

27 जून 2017 ला संकट थेट आपल्या बंदरावर आलं. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं पाडलं, आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. कंटेनर कुठे उतरवायचा, कुठला आधी उचलायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद. त्या रात्री जगभरातल्या सपोर्टवाल्यांनी एकमेकांना दोन गोष्टी सांगितल्या. मशीन मध्येच रीस्टार्ट होऊन डिस्क तपासत असल्याचं दाखवू लागलं तर लगेच वीज बंद करा. तो तपास खोटा आहे, मागे कुलूप लावणं चालू आहे. दुसरी टिप अमित सर्पर या सुरक्षा संशोधकाने शोधलेली: सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'पर्फसी' नावाची रिकामी, फक्त वाचण्यापुरती फाइल करून ठेवा, व्हायरस ती पाहिली की आपण इथे आधीच येऊन गेलो असं समजून थांबतो. मर्स्कने नंतर सांगितलं की 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. लॉगिनच्या यंत्रणेची धड उरलेली एकमेव नक्कल घानातल्या कार्यालयात सापडली. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवा, हे त्याआधी सगळे म्हणत. त्यानंतर लोकांनी ते करायला घेतलं.

मार्च 2020 मध्ये ऑफिसचे डेस्कटॉप टेम्पोत भरून घरोघर गेले आणि सपोर्ट डेस्क फोनवर आला. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही, ही तक्रार रोजची. कारण घरच्या राऊटरचे आणि ऑफिसचे पत्ते दोन्ही 192.168.1 ने सुरू होणारे. मशीन सर्व्हरला घरातच शोधत बसे. राऊटरचा पत्ता बदलला की प्रश्न मिटायचा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, तेव्हा राऊटरला छोटा यूपीएस लावून घेतलेल्यांचं काम तरी चालू राहिलं.

आणि 19 जुलै 2024. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं. सुमारे 85 लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. उपाय काही तासांत सगळ्यांकडे पोचला: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली सी-00000291 ने सुरू होणारी फाइल काढा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर सेफ मोडच्या आधी 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाई. ज्या कंपन्यांनी या किल्ल्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या आणि तो सर्व्हरही निळ्या पडद्यावर होता, त्यांचा दिवस तिथेच संपला. किल्ल्यांची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवणाऱ्यांनी शनिवारी सुटी घेतली.

हे आता मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नव्या मशीनवर विंडोज 11 येतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की अनेकदा न विचारता डिस्कला कुलूप बसतं. गाळ्यातल्या व्यापाऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, दवाखान्यातल्या डॉक्टरला याचा पत्ताही नसतो. या महिन्यात तुम्ही कोणाचं मशीन अपग्रेड करून देणार असाल, तर कॉल क्लोज करण्याआधी त्यांच्या खात्यातून ती 48 अंकी की काढा, कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, आणि ती कशासाठी आहे हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा.