उन्हाळ्यात गोठणारी गाडी आणि गृहीतक तपासायची रीत

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "गृहीतक आणि चल या गोष्टी पाठ झाल्यात, पण प्रत्यक्षात त्या वापरायच्या कशा?" या वेळी प्रयोगशाळेतलं उदाहरण देत नाही. आमच्या काकांच्या गाडीचं देतो. त्यात मी स्वतः चुकलो होतो, म्हणून ते जास्त उपयोगी आहे.

काका धाराशिवला राहतात. काकूंना दर आठवड्याला तपासणीसाठी सोलापूरला न्यावं लागतं. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी डिसेंबरमध्ये जुन्या गाडीला एलपीजी किट बसवून घेतलं. थंडीभर गाडी छान चालली. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत गेली आणि त्रास सुरू झाला. गावात गाडी ठीक चालायची, पण सोलापूरहून परतताना तुळजापूरचा घाट चढायला लागली की धक्के खायची आणि बंद पडायची. बॉनेट उघडलं तर गॅसच्या रिड्यूसरवर पांढरं दव गोठलेलं! बाहेर चाळीस अंश ऊन, गाडीत आजारी काकू. फिटरने दोनदा रिड्यूसर बदलला, तरी फरक शून्य.

आधी यंत्रणा समजून घ्या

टाकीत एलपीजी दाबाखाली द्रवरूपात असतो. इंजिनला तो वायुरूपात लागतो. हे रूपांतर रिड्यूसरमध्ये होतं आणि त्यासाठी उष्णता लागते, म्हणजे आपण शाळेत शिकलेली अप्रकट उष्मा. ही उष्णता इंजिनचं गरम कूलंट पुरवतं. त्यासाठी केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या होजमधून रिड्यूसरला जोडणी देतात. कूलंट आलं नाही, तर गॅस रिड्यूसरच्या धातूतूनच उष्णता ओढून घेतो आणि तो गोठतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे बाहेरचं ऊन याला पुरं पडत नाही.

मग अंदाजे गणित करा

घाटात इंजिन समजा २० किलोवॅट शक्ती देतंय. कार्यक्षमता पाव धरली तर इंधनातून ८० किलोवॅट हवेत. एलपीजीच्या एका किलोतून सुमारे ४६ मेगाजूल मिळतात, म्हणजे सेकंदाला साधारण १.७ ग्रॅम गॅस लागतो. एका किलोच्या बाष्पीभवनाला ३७० किलोजूलच्या आसपास लागतात. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ६५० वॅट.

आता कूलंट रिड्यूसरमधून जाताना फक्त १० अंशांनी थंड झालं असं धरा. तरी मिनिटाला एक लिटरच्या थोडा वर प्रवाह पुरतो. हे फारच कमी आहे. म्हणजे रिड्यूसर गोठत असेल, तर प्रवाह 'थोडा कमी' नाही, जवळजवळ बंद आहे. या पाच ओळींच्या गणितानेच अर्ध्या शंका बाजूला पडतात. रिड्यूसर तिसऱ्यांदा बदलण्यात अर्थ नाही, हेही त्यातूनच कळलं.

शक्यता आणि त्यांच्या खुणा

प्रत्येक शक्यतेपुढे 'हे खरं असेल तर काय दिसेल' ते लिहा. इंजिन गरम झाल्यावर रिड्यूसरच्या दोन्ही होजना हात लावून बघायचं.

- येणारा होज गरम, जाणारा गार: आत प्रवाह अडतोय. क्षार साचलेत किंवा हवा अडकलीय.
- दोन्ही कोमट, इंजिनचा काटाही खाली: थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल.
- दोन्ही गरम, तरी दव: दोष रिड्यूसरच्या आतला.
- दोन्ही गार, इंजिन मात्र गरम: कूलंट तिथवर पोचतच नाही. पातळी कमी आहे, हवा अडकलीय किंवा वाट बंद आहे.

आमच्याकडे दोन्ही गार होते. पातळी बरोबर होती.

माझी चूक

आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. ते जड असतं, क्षार साचतात. त्यामुळे मी ठरवूनच टाकलं की वाट क्षारांनी बुजलीय. सगळी यंत्रणा धुतली, हवा काढली, नवं कूलंट भरलं. दोन्ही होज कढत झाले! काकांपुढे मी छाती फुगवून सांगितलं, "झालं काम."

पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा घाटात बंद पडली. काकूंना घेऊन काका तासभर रस्त्याच्या कडेला.

काय झालं होतं? यंत्रणा धुताना हीटरची लिव्हर पूर्ण 'गरम'वर ठेवतात. मीही ठेवली होती. म्हणजे मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि श्रेय मात्र माझ्या लाडक्या गृहीतकाला दिलं. नंतर काकांनी उकाडा म्हणून लिव्हर 'गार'वर ओढली.

मग नीट चाचणी केली. बाकी काही न बदलता फक्त लिव्हर. 'गरम'वर होज गरम, 'गार'वर काही मिनिटांत गार. तीनदा केलं, तीनदा तेच. किट बसवताना रिड्यूसर हीटरच्या व्हॉल्व्हच्या पुढे, एकसर जोडणीत घातला होता. हीटर बंद की कूलंट बंद. थंडीत लिव्हर उघडी असायची, म्हणून गाडी चालायची. गावात गॅस कमी लागतो, म्हणून तिथे दोष दिसत नव्हता. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर तर दिसणारच नव्हता.

उपाय साधा होता. व्हॉल्व्हच्या आधी एक टी, परतीच्या होजवर दुसरा टी, आणि रिड्यूसर समांतर जोडणीत. शिवाय तो रेडिएटरच्या झाकणाच्या पातळीखाली हवा, नाहीतर त्यात हवा अडकते. (ज्या गाड्यांत व्हॉल्व्हऐवजी फक्त हवेची झडप असते, तिथे एकसर जोडणीही चालते.)

स्वतः बघणार असाल तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. गॅसच्या नळ्यांना हात लावू नका, ते काम अधिकृत फिटरचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो.

आता तुमच्या वहीत तीन गोष्टी लिहा. दोष जिथे दिसतो त्याच परिस्थितीत चाचणी घ्या. एका वेळी एकच चल बदला. आणि उत्तर मनासारखं आलं, की ते मुद्दाम उलटवून बघा. मी लिव्हर एकदा उलटी ओढून बघितली असती, तर काकूंचा तो उन्हातला तास वाचला असता.