हीरोला उडवायचंय? आधी क्षितिज हलवा!

मीटिंग लांबली की डायरीच्या कोपऱ्यात सुपरहिरो उगवतो, होय ना? मसल्स सॉल्लिड, केप झकास. पण पठ्ठ्या पासपोर्ट फोटोला उभा असल्यासारखा! बॉस, इथे कमी पडतो तो पर्स्पेक्टिव्ह.

माझा मामेभाऊ जालना जिल्ह्यातल्या हसनाबादचा. बारावीत आहे आणि वह्यांच्या मागच्या पानांवर नुसती फायटिंग. त्याला कॉमिक्सच काढायची आहेत. मामाचं म्हणणं, ‘आधी पोटापाण्याचं बघ.’ सुट्टीत त्याने वही पुढे सरकवली. ‘ताई, हे पळताना का वाटत नाहीत गं?’ मी मास कॉमवाली, कॅमेऱ्याची भाषा तेवढी येते. तीच सांगितली.

फंडा पहिला : क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. ती हीरोच्या गुडघ्यापाशी आणा, तो डोंगराएवढा वाटतो. त्याच्या डोक्याच्या खूप वर न्या, आपण गच्चीवरून बघतोय आणि खाली तो एकटा पडलाय.

फंडा दुसरा : रस्ता, भिंती, विजेच्या तारा एकाच बिंदूकडे धावू द्या. नजरही तिकडेच धावते. क्षितिज जरा तिरकं करा, अख्खं चित्र डगमगतं.

फंडा तिसरा : जवळचं ते मोठं. ठोसा वाचकावर येतोय? मूठ डोक्याहून मोठी काढा, दंड जवळजवळ गायब करा. १९४१ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ घडवणाऱ्या जोडीतला जॅक कर्बी असल्याच ठोशांसाठी गाजला.

हसनाबादहून न्यूयॉर्क लांब, पण अजिंठा जवळ. तिथल्या सतराव्या लेण्यातली उडती अप्सरा बघा. गळ्यातले अलंकार एका बाजूला झुललेत. पाचव्या शतकातला हा वेग! एका बिंदूचे नियम इटलीत बसले ते सुमारे हजार वर्षांनी. अजिंठ्यात डोळा एका जागी थांबतच नाही. तेच पात्र भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतं आणि आपण गोष्टीबरोबर चालतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ पासून इथे येऊन या चित्रांच्या प्रती काढत होते.

आणि पोटापाण्याचं? मामाला मी पुण्याच्या प्रताप मुळीकांचं नाव सांगितलं. अमर चित्रकथा काढल्या, मग राज कॉमिक्सचा नागराजही. मामा नुसतं ‘हं’ म्हणाला. परवा मात्र त्याचाच फोन : ‘त्या जे. जे.चा फॉर्म कधी निघतो गं?’