बाळंतपणाची रजा आणि आपला धंदा

कापडाच्या धंद्यात बायकांचा हात मोठा आहे. कांड्या भरणे, काज-बटन, धागे कापणे, घडी, पॅकिंग ही कामे बहुतेक त्यांच्याच हातून होतात. पण एखादी गरोदर आहे असे कळले की काही मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. "आता घरी बसा, नंतर बघू" असे सांगितले जाते. ती परत येते तेव्हा तिच्या मशीनवर दुसरी बसलेली असते. काही ठिकाणी आधीच घेतलेली कोऱ्या कागदावरची सही राजीनामा म्हणून पुढे करतात.

व्यापारी बांधवांनी लक्षात घ्यावे, हा सरळ गुन्हा आहे. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या दुकानाला व कारखान्याला १९६१ चा प्रसूती कायदा लागू झाला. तेच नियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले आहेत. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पगारी रजेचा हक्क आहे. २०१७ पासून ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे, त्यापुढे १२. रजेवर असताना तिला काढता येत नाही. गरोदरपणात काढले, तरी गंभीर गैरवर्तन नसेल तर रजेचा पगार बुडवता येत नाही.

"ती रोजंदारीवर आहे" ही सबब चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००० साली दिला. त्याआधी १९८१ साली, पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीची नोकरी संपवण्याचा एअर इंडियाचा नियम याच कोर्टाने रद्द केला होता. एवढ्या मोठ्या कंपनीचे चालले नाही, तिथे आपल्या पेढीचे काय चालणार?

आता खर्चाचा सवाल. सहा महिने काम नसता पगार देणे छोट्या मालकाला जड जाते, हे आम्ही नाकारत नाही. पण ई.एस.आय.मध्ये नाव असलेल्या बाईला ही रक्कम विमा महामंडळ देते, मालकाच्या गल्ल्यातून जात नाही. महिन्याची वर्गणी वाचवायला जो नावे लपवतो, त्याच्याच अंगावर सगळा बोजा येतो. हा कसला हिशेब?

म्हणून हजेरी व पगाराची नोंद ठेवा, ई.एस.आय.ची नावे वेळेवर भरा, रजेच्या काळात बदली कामगार घ्या आणि त्याला मुदत लिहून द्या. तयार हात घालवला तर नवीन माणूस शिकेपर्यंत माल बिघडतो, तो तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही.

घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाईपर्यंत हा कायदा अजून पोचत नाही. तिचे काम दोन-तीन महिने राखून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. तेवढी माणुसकी बाजाराला परवडते.