पवनेच्या पाण्यावर एकट्याने

आपल्या वस्तीत सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, नाहीतर कार्ल्या-भाज्याची लेणी. तिथे जायलाच हवे. पण एखाद्या रविवारी माणसाने निव्वळ आनंदासाठी एकट्याने पाण्यावर जावे, असे आम्ही घरी म्हणालो तेव्हा पहिला प्रश्न आला, "हे श्रीमंतांचे खेळ आपल्याला कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

आम्ही देहूरोडला राहतो. सकाळच्या लोकलने कामशेतला उतरायचे आणि तिथून पवनानगरची गाडी धरायची. पवना धरणाचा जलाशय आम्हाला इतका जवळचा. उत्तरेला लोहगड आणि विसापूर, बाकीच्या बाजूंना तिकोना आणि तुंग, आणि मध्ये पसरलेले निळे पाणी. तिथे काठावर कयाक भाड्याने मिळते.

कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, लांबट होडी. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातील इन्युइट लोकांनी ती बनवली. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील या प्राण्याचे कातडे ताणायचे आणि शिकारीला निघायचे. म्हणजे श्रीमंतांचा खेळ नव्हे, पोटासाठी राबणाऱ्यांचे साधन! आता ती प्लॅस्टिकची असते. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे मारायचे, एकदा डावीकडे. नुसत्या दंडांच्या जोरावर मारले तर खांदे लवकर भरून येतात. कंबरेतून अंग वळवून मारले की होडी सरळ जाते.

काठावरचा गलबला मागे पडला की वल्ह्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. वर्षभर फायली, नोटीशी आणि मोर्चे यांत गुंतलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला ती शांतता औषधासारखी लागू पडली.

पण हे पाणी नुसते देखणे नाही. त्याच्या तळाशी शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. हेच पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि ते पिंपरी-चिंचवडच्या नळाला येते. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. होडीत बसणाऱ्याने एवढे तरी ठाऊक ठेवावे.

याच मावळात भाजे आणि बेडसे येथे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथे पाण्याची टाकी दान दिल्याचे शिलालेख आहेत. लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. बेडशाचे टाके एका स्त्रीने, सामडिनिका नावाच्या महारठिणीने दिले. पाणी दान देणाऱ्या या महाराष्ट्रातच पुढे माणसांना पाणी शिवायची बंदी झाली आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. तहानेचा हक्क त्यांनी मिळवून दिला. पाण्यावर मोकळेपणाने विहरण्याचा आनंदही त्याच हक्कातला आहे, असे आम्हाला वाटते.

मात्र आनंदाला शिस्त हवी. दरवर्षी अशा जलाशयांत तरुण मुले बुडतात. अंगावर लाइफ जॅकेट घट्ट बांधल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. एकट्याने जाताना किती वाजता परतणार हे काठावरच्या माणसाला सांगून जावे. पहिल्या खेपेला काठाजवळच राहावे. सकाळी लवकर निघावे, कारण ऊन चढले की वारा वाढतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमलेल्या हातांना परतीला वाऱ्याची साथ मिळते. होडी उलटली तर पोहत काठ गाठण्याच्या नादी न लागता होडीलाच धरून राहावे, ती तरंगते. दारू पिऊन पाण्यात जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण. पावसाळ्यात प्रशासनाची मनाई असते, ती पाळावी. आणि हे पिण्याचे पाणी आहे, त्यात कागदाचा कपटासुद्धा टाकू नये.

सगळ्यात आधी पोहायला शिका. मुलांबरोबर मुलींनाही महापालिकेच्या तलावावर घाला आणि आयांनीही शिकावे. शिवणाचा क्लास लावतो, टायपिंगचा लावतो, तसाच हाही लावावा. ज्या पाण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्याची भीती आपल्या लेकरांच्या मनात राहू नये.