लंगर चालू राहिला, रक्ताचे काय?

मार्च 2020मध्ये कोविडमुळे टाळेबंदी लागली आणि नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला आलेले हजारो पंजाबी भाविक तिथेच अडकले. एप्रिलअखेर पंजाबच्या बसगाड्या येईपर्यंत लंगराने त्यांना सांभाळले. अन्नदान या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे.

रक्ताचे तसे नव्हते. शेजारचे लातूर हे शिकवण्यांचे शहर; महाविद्यालये बंद झाली आणि शिबिरांचा मोठा आधार असलेली तरुण पोरं गावी परतली. थॅलेसेमियाची मुले, अडलेल्या बाळंतिणी यांची गरज मात्र तशीच राहिली. लाल पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच. वर्षभराचा साठा करताच येत नाही.

पुढच्या वर्षी नवाच पेच पडला. लशीनंतर 28 दिवस रक्तदान करता येत नव्हते आणि 1 मे 2021पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली होणार होती. आधी रक्त द्या, मग लस घ्या, असे आवाहन तेव्हा झाले. मे महिन्यात ही मुदत 14 दिवसांवर आली.

रक्त साठवून ठेवता येत नाही, म्हणून साथीत एकाच दिवशी गर्दी करू नका. रक्तपेढीला फोन करा, गट विचारा, वेळ घ्या. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 हवे. पुरुषांनी तीन, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा जावे.