शीव ओलांडण्यापूर्वीं

'शीव' म्हणजे हद्द. पाहुण्याला गांवच्या शिवेपर्यंत पोंचवावें आणि तेथून मागें फिरावें, हा आपल्याकडील जुना परिपाठ. मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथें संपे, त्या जागेलाहि पूर्वजांनीं हेंच नांव दिलें. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. १८०५ सालीं गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दींत बांध पुरा झाला, तेव्हां कोठें माणूस येथून कोरड्या पायांनीं कुर्ल्याकडे जाऊं लागला.

ह्या शिवेलगतच्या कोळीवाड्याच्या आसपास माझें शिक्षकी आयुष्य गेलें. शिकून मोठीं झालेलीं मुलें अद्यापि भेटावयास येतात आणि पुष्कळांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "सर, घर सोडून जाऊं कीं नको?" कोणास पुण्याची नोकरी मिळालेली असते, कोणास बंगळूरची, कोणी जर्मन भाषा शिकून परदेशीं निघण्याच्या बेतांत असतो. आई म्हणते, "येथें काय कमी आहे?" वडील कांहींच बोलत नाहींत, आणि तें न बोलणेंच मुलास अधिक जड जातें.

जाणारा धाडसी व राहणारा भित्रा, किंवा राहणारा कर्तव्यनिष्ठ व जाणारा स्वार्थी, अशी वांटणी करण्याची आपणांस संवय आहे. ह्या वांटणीनें निर्णयास कांहींच मदत होत नाहीं. विचारावयाचें तें असें : जाणाऱ्यास पुढें कोणतें दार उघडें आहे, आणि मागें कोणतें उघडें राहणार आहे? ह्या परिसरांत ह्या प्रश्नाचीं तीन उत्तरें पाहावयास मिळतात.

पहिलें उत्तर कोळी बांधवांचें. मुंबई सात बेटांची होती तेव्हांपासून हे लोक येथले. ते कोठें गेले नाहींत. जगच त्यांच्याकडे चालून आलें. १८५३ सालीं आगगाडी आली, दलदलींवर भराव पडले, शहर चहूंकडून वाढलें आणि जाळें टाकण्याचें पाणी दूर गेलें. घर न सोडतां अनेकांना वडिलोपार्जित धंदा मात्र सोडावा लागला. तेव्हां जागेवर राहिलेल्याचें आयुष्य जागेवर राहतें, असें कोणीं समजूं नये. 'मी येथेंच राहतों' असें म्हणणाऱ्यासहि उद्यां काय करणार, हें ठरवावेंच लागतें.

दुसरें उत्तर येथून दोन कोसांवरील परळ-लालबागचें. १८५६ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी चालूं झाली आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें कोंकणांतून व घांटावरून तरुण येथें येत राहिले. १९२१ च्या शिरगणतींत मुंबईच्या दर १०० रहिवाशांपैकीं सुमारें ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. परंतु हा तरुण अनोळखी शहरांत एकटा उतरत नसे. गांवकीनें भाड्यानें घेतलेली एक खोली असे. तींत भिंतीशीं ट्रंकांची रांग. कोणी दिवसपाळीचा, कोणी रातपाळीचा, म्हणून एक उठला कीं त्याच जागीं दुसऱ्याचें अंथरूण. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगार झाल्यावर. गिरणींत चिकटवून देणारा बहुधा गांवचा किंवा नात्यांतला. महिन्याकांठीं मनीऑर्डर घरीं जाई, आणि शेताचा तुकडा मागें शिल्लक असे. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां लोक गांवीं परतले. जानेवारी १९८२ मध्यें सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हांहि अनेकांनीं गांवचीच वाट धरली. ती वाट होती म्हणून कित्येक चुली पेटत्या राहिल्या. मात्र ह्या व्यवस्थेची किंमत कोण देत होतें? गांवीं राहिलेली बायको. शेत तिनें करावयाचें, सासूसासऱ्यांचें दुखणें तिनें काढावयाचें, आणि नवऱ्याचें दर्शन गणपतीला व शिमग्याला. घर सोडणारा एक असतो. सोडण्याचा भार उचलणारें माणूस पुष्कळदां निराळेंच असतें.

तिसरें उत्तर पुन्हां कोळीवाड्याजवळचेंच. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबांतून घरदार टाकून आलेलीं कुटुंबें येथल्या लष्करी बराकींत उतरलीं. जावें कीं राहावें, हें त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. त्यांनीं दुकानें मांडलीं, खाण्याचीं ठिकाणें काढलीं. 'कोळीवाडा' ह्या नांवानें ओळखली जाणारी तळलेली कोळंबी ह्याच वस्तींतून सर्वत्र गेली. मासळी इथली, हात तिकडचा. कोळीवाडा स्टेशनास पुढें गुरु तेग बहादूर यांचें नांव मिळालें. पण त्यांच्यासाठीं बांधलेल्या २५ इमारती कालांतरानें धोकादायक ठरल्या, आणि नातवंडांपुढें छपराचा प्रश्न पुन्हां उभा राहिला.

परतीचे दोर कापल्याखेरीज माणूस नेटानें लढत नाहीं, असें सिंहगडाच्या गोष्टीवरून तरुणांस सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती लढाई एका रात्रीची होती. संसार चाळीस वर्षांचा असतो. निर्वासितांचे दोर दुसऱ्यांनीं कापले होते, आणि ते असते तर त्यांनीं आनंदानें जपले असते. ज्यास स्वखुशीनें जातां येतें, त्याजवळ परत येण्याची मुभा हें फार मोठें भांडवल आहे. तें उधळण्यांत कसलाहि पुरुषार्थ नाहीं.

म्हणून जाऊं पाहणाऱ्यास मी चार गोष्टी कागदावर लिहावयास सांगतों. पहिली : पहिल्या महिन्यांत डोक्यावर छप्पर कोणाचें? जुन्या गांवकीच्या खोलीची जागा आज मित्राची खोली किंवा वसतिगृह घेऊं शकेल. पण नांव व पत्ता हवा. दुसरी : नोकरी गेली तर सहा महिने पुरेल इतकी शिल्लक आहे काय? तिसरी : तेथें जें शिकावयास मिळेल, तें येथें खरोखरच मिळत नाहीं काय? केवळ घरांतील कटकटीस कंटाळून जाणाराची कटकट सामानाबरोबर जाते. चौथी : आपल्यामागें घरचें काम कोणावर पडणार? त्या माणसाचें नांव लिहावें आणि निघण्यापूर्वीं त्यास विचारावें. बहुधा तें नांव बहिणीचें किंवा आईचें निघतें. शेवटीं एक तारीख घालावी : दोन वर्षांनीं पुन्हां हिशेब मांडीन. त्या दिवशीं परतावेंसें वाटलें तर तो पराभव समजूं नये.

आईवडिलांसहि दोन शब्द. "येथें काय कमी आहे?" ह्या प्रश्नाचें उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून तो विचारावा. दहा बाय पंधराच्या खोलींत पांच माणसें राहत असतील, तर पुष्कळ कांहीं कमी असतें आणि त्यांत कोणाचाच अपराध नसतो. मुलगा किंवा मुलगी निघालीच तर 'आतां परत येऊं नकोस' हें रागानेंहि बोलूं नये, आणि गप्पहि राहूं नये. मौनाचा अर्थ मूल स्वतःच्या भीतीप्रमाणें लावतें. 'जमलें नाहीं तर घर आहे' एवढें एक वाक्य स्पष्ट उच्चारावें. त्यास खर्च कांहींच नाहीं. परंतु परक्या गांवीं, पगार थकलेल्या महिन्यांत, त्याचा आधार मनीऑर्डरीहून मोठा वाटतो.