बेंबीच्या देठापासून

येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. उन्हाचा कहर असतो, चुनखडीचे खडे वेचायला माणसांचा पूर आलेला असतो आणि पालापालांतून आराध्यांची गाणी चाललेली असतात. 1984च्या यात्रेत फिरत्या टॉकीजच्या तंबूत 'डिस्को डान्सर' लागला होता. आम्ही पोरं मिथुनचे पाय बघायला गेलो होतो. चुलत्यांना मात्र नाचात गोडी नव्हती. ते स्वतः कवड्यांची माळ घालून मेळ्यात म्हणणारे. सिनेमात एक गाणं आलं, कृष्णाला धरतीवर ये म्हणून हाका घालणारं. चुलते ताठ बसले आणि म्हणाले, "ह्यो गडी गळ्यातनं नाही म्हनत. बेंबीच्या देठापासून म्हनतोय."

त्या गड्याचं नाव मला पुष्कळ वर्षांनी कॅसेटच्या कव्हरवर सापडलं. नंदू भेंडे. म्हणजे कळलं तेही इतकंच, की माणूस मराठी आहे. तो मराठीतला पहिल्या फळीचा रॉक गायक होता, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. 'मराठीतला' म्हणताना जीभ जरा अडखळतेच. त्याचं कारण पुढे येईल.

भेंड्यांचं घर नाटकाचं. वडील आत्माराम भेंडे. बबन प्रभूंबरोबर त्यांनी 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'सारखे फार्स उभे केले आणि मराठी माणसाला खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसवलं. आई डॉ. आशा भेंडे. त्या रंगभूमीवरही होत्या आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकही. त्या विषयावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं. आशाबाईंचं माहेरचं नाव लिली इझिकेल. इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल त्यांचे भाऊ. हे कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहून मराठी बोलणारे, मराठीतून कीर्तनं करणारे ज्यू. घरात फार्सच्या तालमी आणि मामा इंग्रजी कवितेतला मोठा माणूस, अशा जागी वाढलेल्या पोराला एका भाषेच्या कुंपणात राहायचं कारणच नव्हतं.

साठचं दशक संपता संपता मुंबई, कलकत्ता, मद्रास, शिलाँग इथल्या कॉलेजांतली मुलं गिटारी घेऊन 'बीट ग्रूप' काढत होती. सिमला नावाच्या सिगारेटची जाहिरात म्हणून 'सिमला बीट' ही स्पर्धा मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात व्हायची आणि 1970 आणि 1971च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. सिगारेट आज कुणाच्या लक्षात नाही; तबकड्यांसाठी परदेशातले शौकीन पैसे मोजतात. या वातावरणात नंदू 'वेल्व्हेट फॉग' या ग्रूपमधून गायला लागले. पुढे 'सॅव्हेज एन्काउंटर' हा ग्रूप आला.

त्यांच्या आवाजाची खरी परीक्षा 1974 साली झाली. अॅलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक बसवलं. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ही कृती 1970 साली आधी तबकडी म्हणून आली आणि 1971 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उभी राहिली. मुंबईत येशू झाले मधुकर चंद्र धस आणि येशूला दगा देणारा जुडास झाले नंदू भेंडे. नाव येशूचं असलं तरी गायकाचा घाम जुडासच काढतो. प्रेम, संशय, संताप आणि शेवटी पश्चात्ताप, हे सगळं त्याला किंचाळीच्या काठावर राहून म्हणायचं असतं, आणि काठावरून खाली पडायचं नसतं. 1973च्या सिनेमात ही भूमिका कार्ल अँडरसन या सोल गायकाने केली, यावरून तिची जात कळावी.

सोल म्हणजे काय, हे धाराशिवच्या माणसाला समजावणं मुंबईकराला समजावण्यापेक्षा सोपं आहे, असं माझं मत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, बघता बघता सगळी सभा पेटते. रे चार्ल्ससारख्यांनी पन्नासच्या दशकात ती चर्चमधली धग घेतली आणि देवाच्या जागी प्रेमाची माणसं आणली, तेव्हा त्याला सोल म्हणू लागले. तुळजापूरच्या गोंधळात वेगळं काय असतं? मुख्य गोंधळी ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात, संबळ घाई करते, आणि दिवटीच्या उजेडात गाणाऱ्याचा आवाज फाटू लागतो. शास्त्रीय बैठकीत फाटलेला आवाज म्हणजे दोष. गोंधळात तो फाटला नाही तर आई अंगणात उतरलीच नाही म्हणायचं. सोलमध्येही तेच. हे दोन्ही एकमेकांकडून शिकले असं मी म्हणत नाही. दोघांचीही गरज एकच होती.

आणि ही गरज मराठी नाटकाने एकदा ओळखली. 1978 साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणलं. ब्रेख्तचं मूळ जर्मन नाटक 1928चं, तेही जॉन गे याच्या 1728च्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. मराठी केलं पु. ल. देशपांड्यांनी आणि बसवलं आमच्या शेजारच्या सोलापुरात शिकलेल्या डॉ. जब्बार पटेलांनी. कुर्ट वाइलच्या मूळ चाली बाजूला ठेवून संगीत नव्याने केलं ते आनंद मोडक आणि नंदू भेंडे या दोघांनी. मोडक अकोल्याचे, बँकेत नोकरी करून नाटकांना चाली देणारे. एकाच नाटकात लावणी, नाट्यपद, कव्वाली आणि थेट रॉक. अंकुश या रुबाबदार बदमाषाच्या भूमिकेत नंदू स्वतः होते. सोबत माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गळे. पु. लं.ची मराठी आणि रॉकचा ठेका एकमेकांना चावले नाहीत, हे तिथे सिद्ध झालं. मला तर वाटतं, मराठी रॉक म्हणून आज जे काही चालतं त्याचा खरा आरंभ या नाटकात आहे, आणि पुढे त्याच्याइतकं मोकळं फार थोडं झालं.

इथे माझी तक्रार सुरू होते. इतकं झाल्यावर मराठी भावगीतवाल्यांनी, कॅसेट कंपन्यांनी या माणसाच्या दारात रांग लावायला हवी होती. तशी ती लागली नाही. आपल्याला गायक हवा तो गोड. रॉकवाला म्हणजे 'इंग्रजी गाणारा', कॉलेजच्या गॅदरिंगपुरता. इंग्रजी गाणाऱ्यांच्या जगात श्रोतेच मूठभर. मग गायकाने पोट भरायचं कशावर? नंदूंनी जाहिरातींना आणि दूरदर्शनच्या मालिकांना संगीत दिलं. त्या कामात कसब लागतं, ते हलकं नव्हे. पण जाहिरातीखाली नाव नसतं.

'डिस्को डान्सर' 1982चा. दिग्दर्शक बब्बर सुभाष, संगीत बप्पी लाहिरींचं. त्यात गायकांची जणू यात्राच भरली होती: विजय बेनेडिक्ट, पार्वती खान, उषा उथुप, सुरेश वाडकर. सोव्हिएत रशियात तो सिनेमा तुफान चालला. म्हणजे ज्या आवाजासाठी स्वतःच्या गावात रांग लागली नाही, तो ताश्कंदपर्यंत पोचला. कृष्णाच्या त्या गाण्यात भक्ती आहे, पण भजनाची नम्रता नाही. देवाला जाब विचारल्यासारखा सूर आहे. जुडासच्या भूमिकेतून गेलेला गळाच ते तसं म्हणू शकतो. चुलत्यांनी नेमकं तेच पकडलं होतं, आणि त्यांना जुडासही ठाऊक नव्हता, सोलही.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या, तिथेच 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या फारोख बुलसारा या पारशी मुलाचा अभिमान आपण आता आवर्जून मिरवतो, कारण लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला. अभिमान असू द्यावा. पण इथेच राहून गायलेल्या भेंड्यांच्या नंदूवर एखादं जाड पुस्तक मराठीत असायला काय हरकत होती?

नंदू भेंडे 11 एप्रिल 2014 रोजी मुंबईत हृदयविकाराने गेले. चारच दिवसांनी येरमाळ्याची यात्रा होती. सहा आठवड्यांत, 23 मे रोजी, 'तीन पैशाचा तमाशा'तले त्यांचे जोडीदार आनंद मोडकही गेले. आत्माराम भेंडे नव्वदी ओलांडलेले. मुलाचं जाणं बघून ते 7 फेब्रुवारी 2015 रोजी गेले.

यात्रेतले फिरते तंबू आता गेले. पण 'डिस्को डान्सर'ची गाणी वरातीत, रिक्षात, गणपतीच्या मांडवात वाजत असतात. कृष्णाचं ते गाणं लागलं, तर घटकाभर थांबून ऐका, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला गाणाऱ्याचं नाव सांगा.